ताईच्या डोक्याचा कौल

परवा नातीला घेऊन अलिबागेला डॉक्टरीणबाईंकडे गेले होते. नात बोलते थोडं, फिरते पुष्कळ, आणि छताला पंखा दिसला की जग विसरून त्याच्याकडे बघत बसते. डॉक्टरीणबाई तिच्याबरोबर जमिनीवर बसून खेळल्या, सुनेला दुनियेभरचे प्रश्न विचारले आणि शेवटी म्हणाल्या, "हा ऑटिझम आहे, आजी. मेंदूची घडणच वेगळी असते. पोटात असल्यापासून वेगळी. कुणाच्या वागण्याने, लाड केल्याने किंवा न केल्याने असं होत नाही." सुनेच्या डोळ्यांना पाणी आलं. आणि मला, अहो, मला हसू फुटलं. आवरेचना. पदर तोंडात कोंबला तरी खांदे हलत होते. सून अजून माझ्याशी धड बोलत नाही.

आता तिला कसं समजावू, की त्या खुर्चीत बसल्या बसल्या मला ठेचलेल्या पांढऱ्या कांद्याचा वास आला म्हणून? माझी थोरली बहीण अशीच होती. तिला आम्ही ताई म्हणायचो. त्या एका मेंदूवर आमच्या घराने जे जे प्रयोग केले ते आठवले, आणि डॉक्टरीणबाईंनी दोन वाक्यांत सगळ्यांचा निकाल लावला म्हणून हसले. चुकलं असेल तर असू दे.

देश स्वतंत्र झाला तेव्हा ताई शाळेच्या वयाची होती. पण शाळेने तिला आणि तिने शाळेला पहिल्याच दिवशी नापास केलं. मी सांगतेय ते त्यानंतरचं, पंचावन्न सालाच्या आसपासचं. ताई तेव्हा सतरा-अठराची, मी अकरा-बाराची. रेवदंड्याहून अलिबागेकडे येताना समुद्राच्या बाजूला आमची नारळी-पोफळीची वाडी होती. घरात वडील, आई, आम्ही दोघी बहिणी आणि वडिलांची थोरली बहीण, म्हणजे आमची आत्या. आत्या लहान वयात विधवा होऊन माहेरी आली आणि आल्या दिवसापासून घराचा कारभार तिने हातात घेतला. वडील तिला घाबरायचे. आई तिला 'वन्सं' म्हणायची आणि जास्तच घाबरायची. ताई तेवढी घाबरत नसे, कारण घाबरायला आधी समोरच्याचा चेहरा वाचावा लागतो, आणि त्या भानगडीत ती पडायचीच नाही.

ताईला बोलता यायचं, पण बहुतेक वेळा ती आपलंच आपल्याला परत द्यायची. "जेवलीस का?" विचारलं की "जेवलीस का" म्हणायची. "आत ये" म्हटलं की "आत ये" म्हणत बाहेरच उभी. समोरच्याच्या डोळ्यांत न बघता कानाकडे बघायची, त्यामुळे नवखे पाहुणे हळूच आपला कान चाचपायचे. आणि शब्द असेल तसा घ्यायची. आईने एकदा तिला दुधावर लक्ष ठेवायला सांगितलं. तिने ठेवलं. दूध वर आलं, उतू गेलं, चूल विझली, धूर झाला, ताई टक लावून बघतेय. आई धावत आली तर म्हणाली, "गेलं." आत्याने कपाळावर हात मारून घेतला. मला मात्र तेव्हाही वाटलं होतं आणि आजही वाटतं, की ताईचं काय चुकलं? लक्ष ठेवायला सांगितलं होतं, उतरवायला कुणी सांगितलं होतं?

वाडीत विहिरीवर रहाट होता. बैल गोल फिरायचा आणि रहाट अशी काही कुरकुर करायचा की शेजारच्या वाडीतले लोक शिव्या घालायचे. ताईला ती कुरकुर जिवापाड आवडायची. कठड्याशी बसून ती त्या आवाजावर डुलत राहायची. एकदा लोकांच्या तक्रारी फार झाल्या म्हणून वडिलांनी रहाटाला तेल घातलं. कुरकुर थांबली आणि ताईने हंबरडा फोडला. जेवेना, झोपेना, बैलालाच जाऊन ढकलायला लागली. शेवटी वडिलांनी फडकं घेऊन स्वतःच्या हाताने सगळं तेल पुसून काढलं. गडी बघत होता. वाडीचा मालक आपल्याच रहाटाचं तेल पुसतोय ही बातमी त्याने संध्याकाळच्या आत गावभर केली.

आणि हीच ताई, गणपतीत कुणी झांज वाजवली की कान दाबून माडाच्या बुंध्याशी जाऊन बसायची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की अशा मेंदूत आवाज, उजेड, स्पर्श वेगळ्या मापाने शिरतात. आपल्याला जे टोचतं ते त्यांना गोड लागेल, आपल्याला जे जाणवतही नाही ते त्यांना असह्य होईल. मी आपली वाडीवाली, मला ते पाटासारखं वाटतं. विहीर तीच, पाणी तेच, पण पाट कसे काढलेत त्यावर कुठल्या माडाला किती पाणी पोचतं ते ठरतं. कुणाच्या डोक्यात हे पाट नेमके कुठे वेगळे ते एका जागेवर बोट ठेवून सांगता येत नाही, असंही त्या म्हणाल्या. त्यांना येत नाही. आमच्या घरात सगळ्यांना येत होतं.

आत्याचं म्हणणं, मेंदू तापलाय. आता आमच्याकडचा पांढरा कांदा थंड, हे लहान पोरालाही माहीत. तेव्हा आत्या रोज सकाळी कांदे ठेचायची, त्याचा जाड थर ताईच्या टाळूवर थापायची, वर केळीचं पान आणि पानावर वडिलांच्या जुन्या धोतराचं फडकं बांधायची. ताईला ते बांधलेलं फडकं सहन व्हायचं नाही. ती उठून चालायला लागायची. शेजाऱ्यांची शेळी त्या केळीच्या पानाच्या वासावर. ताई पुढे, शेळी मागे, शेळीच्या मागे काठी घेऊन आत्या, अशी वरात वाडीभर फिरायची. एके दिवशी ताई विहिरीच्या कठड्याशी बसली असताना शेळीने मागून येऊन पान ओढलं आणि पानासकट कांदा फस्त केला. त्या दुपारी शेळी माडाखाली इतकी गप्प बसून राहिली की आत्या आईला दाखवायला घेऊन आली. म्हणाली, "बघ! उपाय चांगला आहे. चुकीच्या डोक्यात गेला."

हे सगळं हसून सांगते, पण आत्याचं दुसरं एक निदान होतं, त्याचा मला आजही संताप येतो. तिचं म्हणणं असं की ताईच्या वेळी आईला दिवस गेले असताना ग्रहण लागलं, आणि आईने ग्रहणात विळीवर काहीतरी चिरलं, म्हणून पोरीच्या मेंदूत चीर पडली. आई सुरुवातीला सांगायची, "नाही हो वन्सं, मी भिंतीला टेकून नुसती बसले होते." पण वर्षानुवर्षं तेच तेच ऐकल्यावर माणसाचं काय होतं बघा. पुढे पुढे ती स्वतःच म्हणायला लागली, "चिरलाही असेल भोपळा. आठवत नाही नीट." अहो, न चिरलेला भोपळा! तो आईने जन्मभर डोक्यावर वाहिला. ताईने काही तऱ्हेवाईक केलं की सगळे ताईकडे बघायच्या आधी आईकडे बघायचे. पुढे माझ्या वाचनात आलं, की त्या काळी सुधारलेल्या देशांतले मोठमोठे डॉक्टरसुद्धा अशा मुलांच्या आईलाच दोष द्यायचे. आई मायेने वागत नाही म्हणून मूल असं झालं म्हणायचे. म्हणजे आमची आत्या काही मागासलेली नव्हती. चांगली जगाच्या बरोबरीने चालत होती!

आईचा धाकटा भाऊ, आमचा मामा, मुंबईला कचेरीत होता. लाँचने रेवसला उतरायचा, तिथून एस.टी.ने यायचा, आणि पँटच्या घडीला धूळ लागली म्हणून अर्धा तास कोकणाला नावं ठेवायचा. माणूस वाईट नव्हता. बहिणीवर त्याचा जीव होता आणि आत्या तिला बोल लावते ते त्याला बघवत नसे. कुठूनतरी ऐकून त्याने एकदा पिशवीभर अक्रोड आणले. "अक्रोड मेंदूसारखा दिसतो, तेव्हा मेंदूला तोच खुराक," म्हणाला. ताईने पिशवी ओटीवर ओतली आणि सगळे अक्रोड लहानमोठ्याच्या क्रमाने ओटीच्या कठड्यावर मांडले. ओळ अशी सुरेख की बघत राहावं. पण खायचं नाव नाही, आणि दुसऱ्या कुणाला हात लावू देईल तर शपथ. आत्याने एकदा सगळ्यांचा डोळा चुकवून मधला एक फोडून खाल्ला. ताईने ओळीकडे नजर टाकली आणि घर डोक्यावर घेतलं. आत्याने त्या जागी सुपारी ठेवून बघितली. ताईने ती सुपारी अंगणापार भिरकावली. मामा पुढच्या खेपेला नवा अक्रोड घेऊन येईपर्यंत आत्या त्या ओटीवरून मान खाली घालून जायची. एवढी शांतता आमच्या घरात पूर्वी कधी नव्हती. अक्रोडाचा गुण आला म्हणायचा तर तो आत्याला आला.

त्या पुढच्या खेपेला मामाने अक्रोडाबरोबर एक बातमीही आणली. जेवणं झाल्यावर सुपारी कातरत म्हणाला, "भाऊजी, कांदे-बिंदे बंद करा आता. मुंबईत मेंदूवर विजेचा उपचार निघालाय. मेंदूत तारा असतात. हिच्या कुठेतरी सैल झाल्या असणार. झटका दिला की बसतात जागेवर. मी एका डॉक्टरांशी बोलून ठेवलंय. परवाच्या लाँचने मी हिला घेऊन जातो."

आमच्या गावात तेव्हा विजेचा खांबही नव्हता. वडील बराच वेळ कंदिलाच्या काचेकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आणि ती वीज उतरली म्हणजे? इथे परत कुठून भरायची?"

"उलटी जोडली म्हणजे?" आत्याने डोळे मोठे केले. "तुमच्या मुंबईच्या त्या रेडिओच्या डबड्यासारखी पोरगी घरात बातम्या सांगायला लागली म्हणजे?"

मामा म्हणाला तसं काही होत नाही. त्याच्या कचेरीतल्या एकाच्या भावाला असे झटके दिले होते. "आता इतका शांत झालाय! एका जागी बसून राहतो. पुष्कळसं विसरलाय, पण शांत."

आई दारात उभी होती. तिने हळूच विचारलं, "काय विसरलाय?"

"ओळखतो गं सगळ्यांना. थोडा वेळ लागतो एवढंच."

 आईचा हात चौकटीवर होता, तो तिने इतका घट्ट आवळला की मला दुसरीकडे बघावंसं वाटलं. मला काय वाटलं ते सरळच सांगते. मला भयंकर भीती वाटली. ताई मला नीट हाक मारत नसे, माझ्याकडे बघत नसे, पण मी शेजारी येऊन बसले की थोडी सरकून जागा करायची. तिकडून ती शांत होऊन परत आली आणि सरकलीच नाही तर?

वडिलांना निर्णय घेता येईना. तसा तो त्यांना कधीच येत नसे. आमच्या घरात अडलं की गावदेवीला कौल लावायची पद्धत. म्हैस विकायची का, विचारा देवीला. ओटी शाकारायची का, विचारा देवीला. वडिलांना एकदा मिशी काढावीशी वाटली होती, तेव्हासुद्धा त्यांनी कौल लावला होता. देवीने नाही म्हटलं म्हणून ती मिशी राहिली, नाहीतर आमचे वडील कसे दिसतात ते आम्हाला कळलं असतं. तेव्हा आताही ते म्हणाले, "उद्या सकाळी कौल लावू. देवी म्हणेल ते."

मामा म्हणाला, "मुंबईत कुणाला सांगितलं तर हसतील, विजेचा निर्णय फुलाच्या पाकळीवर घेताय म्हणून." पण दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी आंघोळ करून तोच तयार.

कौलाची रीत साधी आहे. गुरव फुलाच्या पाकळ्या पाण्यात भिजवून देवीच्या दोन्ही खांद्यांवर चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, प्रश्न सांगतो. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. ज्याच्यासाठी विचारायचं ते माणूस समोर बसलेलं लागतं. म्हणून ताईला देवीसमोर पाटावर बसवलं होतं. आत्याने तिला इतकी घासून आंघोळ घातली होती की कांद्याचा वास जवळजवळ गेला होता. एरवी देवळात ती बसत नसे, पण त्या दिवशी गुरवाने दोन खांद्यांवर दोन पाकळ्या लावल्या आणि ती स्थिर झाली. इकडे एक, तिकडे एक. तिला ते फार आवडलं असणार. मान पुढे काढून ती बघत राहिली.

गुरव म्हातारा होता, खणखणीत आवाजाचा. त्याने गाऱ्हाणं घातलं, "आई माऊली, पोरीच्या डोक्याला उपचार करायचा तर तिला मुंबईला न्यावी, असं तुज्या मनात हाय, तर उजवा दे!"

 उजवी पाकळी हलली. घसरली. पडली.

"उजवा!" मामा ओरडला. आईने डोळे मिटले.

आणि ताई उठली. शांतपणे पुढे गेली, पडलेली पाकळी उचलली, गुरवाच्या पाण्याच्या वाटीत बुडवली, आणि देवीच्या उजव्या खांद्यावर जिथल्या तिथे परत चिकटवली. बोटाने जरा दाबली. मग येऊन पाटावर बसली.

 मग गुरव ओरडला, "अगं ए पोरी! देवीनं कौल दिला, आन तू परत चिकटवतीस काय?"

"चिकटवतीस काय," ताई म्हणाली.

वडील घाबरून म्हणाले, पुन्हा लावा, पुन्हा विचारा. गुरवाने देवीची क्षमा मागितली, पुन्हा भिजवून पाकळ्या लावल्या, पुन्हा गाऱ्हाणं घातलं. पुन्हा उजवी पडली. पुन्हा ताई उठली. आत्या तिला धरायला धावली, तर ताई तिच्या हाताखालून निसटून गेली आणि पाकळी जागेवर. बाहेर पाणी भरायला आलेल्या बायका कळश्या ठेवून आत डोकवायला लागल्या. कुणीतरी म्हणालं, "देवी हरती का पोरगी हरती बघू." मला हसू आवरेना, आणि भीतीही वाटत होती. दोन्ही एकदम होऊ शकतं हे मला त्या दिवशी कळलं. कारण माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला होता की ताई मुद्दाम करतेय! तिला जायचं नाहीये! ती देवीशी भांडतेय!

तिसऱ्यांदा डावी पाकळी पडली.

नकार! आईच्या तोंडून "आई गं" निघालं, मी उडीच मारली. आणि ताई उठली, डावी पाकळी उचलली, भिजवली, आणि तीही जागेवर नेऊन चिकटवली.

 भांडण-बिंडण काही नव्हतं हो. दोन खांद्यांवर दोन पाकळ्या असायला हव्यात, एक पडली की लावायची, एवढंच. देवीचा होकार तिला नको होता तसा नकारही नको होता.

"बघितलंत?" मामा कपाळाचा घाम पुसत म्हणाला. "हेच! हेच ते! तारा सैल आहेत म्हणतो ते हेच!"

गुरव पायरीवर बसला. म्हणाला, "दोन्ही एकदम पडल्या तर काय करायचं ते मला ठावं हाय. एकबी न्हाय पडली तरी ठावं हाय. पाल मधी बोलली तरी हाय. पन पडलेली परत लावली तर काय, ते माज्या बापाला कुनी इचारलं न्हाय."

"तिला बाहेर न्या आणि मग विचारा," आत्या म्हणाली.

"जिचा सवाल तिला भायेर काढून कौल लागत न्हाय, आक्का."

सगळं अडलं. वडील एकदा देवीकडे, एकदा गुरवाकडे, एकदा मामाकडे बघायला लागले. मामाने घड्याळ बघितलं. त्याचं म्हणणं, पहिला कौल तो खरा, पहिला उजवा होता, उद्या सकाळची लाँच गाठायची. आत्यानेही मान डोलावली, आणि आत्याने मान डोलावली की घराचं ठरलं. वडील हात जोडून उठायला लागले.

"तिलाच विचारा ना."

आई बोलली होती. चारचौघांत, देवळात, पुरुषमाणसांसमोर आईचा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. वडिलांना कळेना. "देवीलाच विचारतोय की."

"देवीला नाही. तिला." आईने ताईकडे हनुवटी केली. "डोकं तिचं आहे."

आत्या म्हणाली, "अगं, तिला काय विचारायचं? ती आपलंच आपल्याला परत देते." आणि ते खरंच होतं. पण वडील, का कुणास ठाऊक, खाली बसले. ताईच्या पाटासमोर मांडी घालून बसले. तिच्या डोळ्यांत न बघता जरा बाजूला बघत, तिच्याच पद्धतीने, सावकाश म्हणाले, "मामाबरोबर मुंबईला जायचं? तिथे डोक्याला वीज लावतील. पुष्कळ दिवस घरी यायचं नाही. जायचं?"

 ती काय म्हणणार ते सगळ्यांना माहीत होतं. ती "जायचं" म्हणणार. जेवलीस का विचारलं की जेवलीस का, तसं जायचं म्हटलं की जायचं. आणि मामा त्याला होकार धरणार. आईच्याही ते तेव्हाच लक्षात आलं असावं, कारण तिने तोंडावर पदर धरला.

ताईचे ओठ हलले. "मुंबईला," ती म्हणाली. मामा उठून उभा राहिला.

"मुंबईला," ती पुन्हा म्हणाली. मग थांबली. देवीच्या खांद्यांकडे बघितलं. इतका वेळ थांबली की वडिलांनी मान खाली घातली.

"नको."

 मग मामा म्हणाला, "पोपटपंची आहे ती, भाऊजी. कुठेतरी ऐकलेलं बोलते."

वडील उठले. निर्णय घेता न येणारे आमचे वडील, पण त्यांचा आवाज असा निघाला की मामा मागे सरला. "मी जे विचारलं त्यात 'नको' कुठे होतं? तुम्ही म्हणालात नको? आक्का म्हणाली? देवी म्हणाली? आपल्यापैकी कुणीच म्हणालं नव्हतं. हा शब्द तिचा आहे."

गुरवाने पुढे होऊन दोन्ही पाकळ्या काढल्या आणि विचारलं, "आता ह्याला उजवा म्हनायचा का डावा?"

"तिचा म्हणा," वडील म्हणाले.

घरी जाताना वडील आणि मामा पुढे चालले होते. मामाचे हातवारे चालू होते, पण आवाजातला जोर गेला होता. आत्या मधोमध, दोघांचंही बरोबर आहे असं आळीपाळीने सांगत. मागे आई, ताई आणि मी. वाटेवर दोन्ही बाजूंना वाड्यांचे दगडी गडगे, मधे मऊ वाळू. आई इतकी खुशीत होती की तिला काय करावं सुचत नव्हतं. उगाच ताईचा पदर सारखा करायची, ताई तो झटकायची, आई पुन्हा सारखा करायची. मी मधेच ताईला विचारलं, "उद्या आपण समुद्राच्या पुळणीवर जायचं?" तर ती म्हणाली, "जायचं." आता हे तिचं की माझंच परत दिलेलं, कोण जाणे. मी हसले, आईही हसली.

मग आई हसता हसता थांबली. पुढची माणसं लांब गेलीत ना ते तिने बघितलं. मला वाटलं तिला ताईचे केस नीट करायचेत. पण ती ताईच्या समोर जाऊन उभी राहिली, आणि इतकी वर्षं कुणालाही, देवीलासुद्धा जे विचारलं नव्हतं ते तिने विचारलं.

"तुझं असं झालं ते माझ्यामुळे का गं?"

ताईने आपले हात उलटेपालटे करून बघितले. पातळाला काही लागलंय का ते बघितलं. वाकून दोन्ही पाय बघितले. तिला काही सापडलं नाही.

"कसं झालं?" तिने विचारलं.

आईने तोंड उघडलं. पण सांगणार काय? आई मटकन वाळूत खाली बसली आणि रडायला लागली. ताई जरा वेळ उभी राहिली. मग तीही शेजारी बसली आणि आईच्या कानाकडे बघत उत्तराची वाट बघायला लागली.